चाकाच्या वेगाचा सेन्सर : ए.बी.एस. ब्रेकमधील दोष कसा शोधावा

मोटारीची किल्ली फिरविली की चालकासमोरील फलकावरचे दिवे क्षणभर उजळतात आणि एकेक करून मालवतात. त्यांपैकी वर्तुळात ए.बी.एस. ही रोमन अक्षरे असलेला पिवळा दिवा मात्र काही गाड्यांत मालवतच नाही, किंवा मालवतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर पुन्हा लागतो. गाडी नेहमीप्रमाणे चालते. पेडल दाबले की थांबतेही. साहजिकच बहुतेक वाहनधारक त्या दिव्याकडे डोळेझाक करतात. मग पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटातल्या ओल्या वळणावर ज्या क्षणी त्या यंत्रणेची खरी गरज पडते, नेमक्या त्या क्षणी ती बंद असते.

हा दिवा लागण्याच्या कारणांमध्ये चाकाच्या वेगाचा सेन्सर व त्याच्याशी जोडलेले विद्युत्-मंडळ हे अगदी नित्याचे कारण होय. त्यावर सर्वत्र केला जाणारा उपायही ठरलेला आहे : स्कॅनर लावावा, त्याने ज्या चाकाचे नाव सांगितले त्या चाकाचा सेन्सर बदलावा. पुष्कळदा नवा सेन्सर बसवूनही दिवा तसाच राहतो, कारण दोष सेन्सरमध्ये नसतोच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक व विद्यार्थी, सरकारी वाहनांचे चालक, तालुक्याच्या ठिकाणचे गॅरेजवाले आणि आपली गाडी समजून घेऊ इच्छिणारे सामान्य वाहनधारक या सर्वांना हा दोष पद्धतशीर रीतीने शोधता यावा, म्हणून हा पाठ दिला आहे.

यंत्रणेचे कार्य

ब्रेक जोरात दाबला असता चाक फिरावयाचे थांबते आणि गाडी मात्र पुढे घसरत राहते. चाक असे जखडले की स्टीअरिंग कितीही वळविले तरी गाडी वळत नाही, कारण वळण्यासाठी चाकाने फिरत राहणे आवश्यक असते. ए.बी.एस. यंत्रणा चारही चाकांचा वेग सतत मोजते. एखादे चाक इतरांच्या मानाने एकाएकी मंद होऊ लागले, तर ते जखडण्याच्या बेतात आहे असे ओळखून नियंत्रक त्या चाकाच्या ब्रेकमधील तेलाचा दाब क्षणभर कमी करतो व पुन्हा वाढवितो. एका सेकंदात ही क्रिया अनेक वेळा घडते. चालकाला ती पायाखालच्या पेडलच्या थरथरीवरून जाणवते. या यंत्रणेमुळे थांबण्याचे अंतर नेहमी कमी होतेच असे नाही. सुट्या खडीवर ते किंचित वाढूही शकते. तिचा खरा लाभ हा, की ब्रेक दाबलेला असतानाही गाडी चालकाच्या हातात राहते.

बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक ए.बी.एस. यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या मोठ्या मोटारींत प्रथम बसविण्यात आली. आपल्या देशात ती दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. एप्रिल २०१९ पासून मात्र नव्या प्रवासी मोटारींना आणि १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींना ती सक्तीची झाली आहे. म्हणजेच ही यंत्रणा आता गावातल्या लहान मोटारीतही आलेली आहे. तिची दुरुस्ती शहरातल्या मोठ्या कार्यशाळेवर सोपवून भागणार नाही.

सेन्सरचे दोन प्रकार

दोष शोधण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचा सेन्सर आहे हे ठरविणे अगत्याचे आहे, कारण एका प्रकाराची चाचणी दुसऱ्यावर केल्यास चुकीचा निष्कर्ष निघतो, क्वचित सेन्सरही निकामी होतो.

पहिला प्रकार जुना. त्यात एक कायम चुंबक व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. समोर चाकाबरोबर फिरणारे लोखंडी दातेरी कडे असते. दाता सेन्सरसमोर आला की चुंबकीय क्षेत्र बळकट होते, खाच आली की क्षीण होते आणि या बदलामुळे वेटोळ्यात उलटसुलट विद्युत्-दाब निर्माण होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला असता गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो, तोच हा फॅराडेचा नियम. विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात सांगण्यासाठी याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण. चुंबक जितक्या वेगाने हलवावा तितका काटा अधिक हलतो. त्याचप्रमाणे गाडी जितकी वेगात तितका या सेन्सरचा दाब अधिक. उलट गाडी अगदी सावकाश चालली की दाब इतका क्षीण होतो की नियंत्रकाला तो वाचता येत नाही. म्हणूनच सेन्सर आणि दाते यांच्यामधील फट महत्त्वाची. ती साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास, काही गाड्यांत त्याहूनही कमी असते.

दुसरा प्रकार नव्या गाड्यांत सर्रास आढळतो. त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते आणि त्याच्या आत चुंबकीय क्षेत्राची जाणीव असणारा इलेक्ट्रॉनिक घटक असतो. समोर दातेरी कड्याऐवजी बहुधा बेअरिंगच्या सीलमध्येच बसविलेले चुंबकीय कडे असते. त्यावर उत्तर व दक्षिण ध्रुव आळीपाळीने असतात. ध्रुव बदलला की सेन्सरमधून वाहणारा प्रवाह सुमारे ७ मिलिअँपिअरवरून सुमारे १४ वर जातो आणि पुन्हा खाली येतो. चाक कितीही हळू फिरले तरी या दोन पातळ्या बदलत नाहीत. त्यामुळे हा सेन्सर जवळजवळ थांबलेल्या चाकाचाही वेग सांगू शकतो.

दोन्ही प्रकारांत तारा दोनच असल्याने नुसत्या तारा मोजून प्रकार ओळखता येत नाही. कड्यावर डोळ्यांना दिसणारे दाते नसून बेअरिंगच्या कडेला गुळगुळीत काळी पट्टी दिसली, तर सेन्सर बहुधा दुसऱ्या प्रकारचा समजावा. शंका राहिल्यास गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावे.

थोडे गणित

चाकाचा परीघ २ मीटर आणि कड्यावर ४८ दाते आहेत असे धरू. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर असेल तर चाकाचे सेकंदास ५ फेरे होतात आणि नियंत्रकाकडे सेकंदास २४० ठोके पोहोचतात. आता ४८ पैकी एकच दाता मोडला आहे अशी कल्पना करा. दर फेऱ्यात एक ठोका चुकतो. दोन ठोक्यांमधील काळ त्या जागी दुप्पट होतो. नियंत्रकाला वाटते की चाकाचा वेग एका क्षणात निम्म्यावर आला, अर्थात चाक जखडत आहे. मग ब्रेकवर हलका पाय असतानाही तो दाब सोडू लागतो.

सिग्नलपाशी किंवा फाटकापाशी गाडी थांबता थांबता, ताशी पाच-दहा किलोमीटर वेग उरला असता पेडल थरथरते आणि गाडी हातभर पुढे सरकते, अशी तक्रार पुष्कळ चालक करतात. तिचे मूळ बहुधा या गणितात असते. कडे तडकलेले असले, सेन्सर वर उचललेला असला किंवा दात्यांमध्ये घाण भरली असली, तरी वेगात असताना ठोके कसेबसे पुरे पडतात. वेग उतरताच ते गळू लागतात. अशा वेळी दिवा लागेलच असे नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. दिवा नाही म्हणून दोष नाही असे मानून ब्रेकचे पॅड आणि डिस्क बदलत बसणारे कमी नाहीत.

प्रथम दिव्याला विचारावे

उपकरणे हाती घेण्यापूर्वी दिवा केव्हा लागतो याची नोंद करावी. किल्ली फिरविताच लागला व गाडी उभी असतानाच कायम राहिला, तर मंडळ कोठेतरी तुटलेले किंवा जुळलेले असण्याचा संभव अधिक : तार तुटली असेल, जोडणीत पाणी शिरले असेल, फ्यूज गेला असेल किंवा सेन्सर आतून निकामी असेल. कारण नियंत्रक गाडी उभी असतानाच मंडळाची विद्युत्-परीक्षा घेतो. याउलट दिवा आधी मालवला आणि गाडी थोडी वेगात गेल्यावर लागला, तर मंडळ अखंड आहे पण ठोके नीट येत नाहीत असे समजावे. तेव्हा शोध कडे, फट, बेअरिंग आणि टायर यांच्याकडे वळवावा. फक्त खड्ड्यांतून जाताना, फक्त एका बाजूला वळताना किंवा फक्त पावसात लागत असेल तर तार व जोडणी यांवर संशय घ्यावा. केवळ या निरीक्षणाने पुष्कळ श्रम वाचतात, आणि ते करण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. चालकानेच ते करावयाचे असते. मिस्त्रीला फार तर पाच मिनिटे दिवा दिसतो, चालकाला तो आठवडाभर दिसलेला असतो.

पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर मात्र प्रकार निराळा आहे. केवळ पिवळा असल्यास साधे ब्रेक काम करतात, फक्त जखडण्यापासूनचे संरक्षण जाते; गाडी सावकाश, पुढील वाहनापासून अधिक अंतर राखून कार्यशाळेपर्यंत नेता येते. दोन्ही दिवे एकदम लागल्यास पुढच्या व मागच्या चाकांत दाब वाटून देणारी व्यवस्थाही बंद झालेली असू शकते आणि मागची चाके आधी जखडून गाडी गिरकी घेण्याचा धोका असतो. ब्रेकचे तेल कमी झाल्यामुळेही लाल दिवा लागतो. अशी गाडी चालवत नेऊ नये.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्कॅनरवर दोषाचा कोड येतो, उदाहरणार्थ पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचे मंडळ. ‘मंडळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा. त्यात सेन्सर, त्याची तार, जोडणी, कडे, बेअरिंग आणि खुद्द नियंत्रकापर्यंतचा मार्ग हे सर्व येते. कोड फक्त घर दाखवितो. चोर कोणत्या खोलीत आहे ते आपणांस शोधावयाचे असते. कोड लिहून ठेवावेत, लगेच मिटवू नयेत.

स्कॅनरचा अधिक मोलाचा उपयोग चालत्या गाडीत होतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २० ते ३० किलोमीटर या स्थिर वेगाने जात चारही चाकांचे वेग पडद्यावर पाहावेत. पडदा चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने पाहावा. तीन चाके २५ दाखवीत असता चौथे शून्य दाखवीत असेल तर सिग्नल पूर्ण बंद आहे. चौथे मधूनमधून खाली पडत असेल तर कडे किंवा फट दोषी असू शकते. चौथे सतत थोडे जास्त किंवा थोडे कमी दाखवीत असेल, तर सेन्सरला हात लावण्याआधी टायर पाहावेत. एका चाकावर निराळ्या मापाचा टायर असणे किंवा एकच टायर फार झिजलेला अथवा हवा कमी असलेला असणे, एवढ्यानेही हा फरक पडतो. लहान टायर त्याच अंतरात अधिक फेरे घेतो, एवढेच त्याचे साधे कारण.

डोळ्यांनी तपासणी

गाडी सपाट जागेवर उभी करून, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून चाक उचलावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. भक्कम घोडीवर टेकवून मगच काम करावे. चाक काढल्यावर तार सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजरेखालून घालावी. पुढच्या चाकाची तार स्टीअरिंगबरोबर वळते आणि स्प्रिंगबरोबर वरखाली होते. म्हणून ती बहुधा क्लिपच्या जवळ, वाकण्याच्या जागी तुटते आणि वरचे आवरण मात्र शाबूत राहते. क्लिप निसटली असल्यास तार टायरला किंवा अॅक्सलला घासते. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरून तारा कुरतडतात, हेही कोकणात नवीन नाही.

जोडणी उघडून आत हिरवट गंज आहे का ते पाहावे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनारपट्टीची हवा खारी आहे. कोरड्या प्रदेशात दहा वर्षे टिकणारी जोडणी येथे लवकर खराब होते, याचे आश्चर्य वाटू नये.

याच हवेमुळे उद्भवणारा दुसरा दोष अधिक फसवा आहे. सेन्सर ज्या लोखंडी बैठकीवर बसतो तिच्यावर गंजाचा थर चढतो. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे सेन्सर हळूहळू वर उचलला जातो, फट वाढते आणि सिग्नल मंदावतो. सेन्सर निर्दोष, तार निर्दोष, तरीही दिवा! अशा वेळी नवा सेन्सर त्याच गंजावर बसविला तर चार दिवसांत दिवा पुन्हा हजर होतो. बैठक घासून स्वच्छ, सपाट करणे हाच येथे उपाय. अॅक्सलवर ठोकून बसविलेले दातेरी कडेही असेच खालून फुगणाऱ्या गंजाने तडकते. चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून कड्याचा प्रत्येक दाता पाहावा. तडा एका जागीच असतो आणि अर्धा फेरा फिरवून थांबणाऱ्याला तो दिसत नाही.

चुंबकीय कड्यावर लोखंडाचा कीस चिकटतो. ब्रेकची धूळ आणि आधीच्या दुरुस्तीत पडलेला भुसा तेथे जमतो. तो मऊ फडक्याने पुसावा. तारेचा ब्रश किंवा चुंबकी स्क्रूड्रायव्हर त्याच्याजवळ नेऊ नये. शेवटी चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. बेअरिंग सैल असेल तर फट दर फेऱ्याला बदलते आणि कोड सेन्सरचा येतो, दोष बेअरिंगचा असतो.

मल्टिमीटरने तपासणी

पहिल्या प्रकारच्या सेन्सरची जोडणी सोडवून दोन टोकांमधला रोध मोजावा. बहुतेक गाड्यांत तो सुमारे ८०० ते २००० ओहमच्या दरम्यान येतो. अचूक आकडा पुस्तिकेत मिळेल. पुस्तिका नसल्यास दुसऱ्या बाजूच्या चाकाचा सेन्सर मोजून तुलना करावी. रोध अनंत आला तर वेटोळे किंवा तार तुटली आहे. शून्याजवळ आला तर आतल्या आत जुळली आहे. मग एक टोक आणि गाडीचा सांगाडा यांत मोजावे. तेथे संबंध मुळीच येता कामा नये. हे मोजत असता सहकाऱ्याने तार ठिकठिकाणी वाकवावी व स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. स्थिर तारेवर आलेला योग्य आकडा हलत्या तारेबद्दल काहीच सांगत नाही. त्यानंतर मीटर प्रत्यावर्ती व्होल्टवर ठेवून चाक सेकंदास साधारण एक फेरा या गतीने फिरवावे. काही दशांश व्होल्टपर्यंतचा दाब दिसला पाहिजे आणि गती वाढविताच तो वाढला पाहिजे. रोध योग्य असून दाब फारच कमी असेल तर फट किंवा कडे पाहावे.

दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरचा रोध मोजू नये. त्यातून अर्थपूर्ण आकडा मिळत नाही आणि मीटरच्या प्रवाहाने आतील घटकाला इजा होण्याचा संभव असतो. येथे प्रथम जोडणी सोडवून, किल्ली फिरवून, गाडीच्या बाजूच्या दोन टोकांत वीजपुरवठा येतो का ते पाहावे. बऱ्याच गाड्यांत तो बॅटरीच्या दाबाजवळ असतो. पुरवठा नसेल तर सेन्सर बदलणे व्यर्थ. दोष तारेत किंवा नियंत्रकाकडे आहे. मात्र काही गाड्यांत दोष नोंदला गेल्यावर नियंत्रक हा पुरवठा स्वतःच बंद करतो. म्हणून किल्ली एकदा बंद करून पुन्हा फिरवावी आणि लगेच मोजावे. पुरवठा असल्यास मीटर मिलिअँपिअरवर ठेवून एका तारेत शृंखलेने जोडावा व चाक अगदी सावकाश, बोटभर बोटभर फिरवावे. आकडा ७ आणि १४ यांच्या आसपास उड्या मारू लागला तर सेन्सर व कडे दोन्ही ठीक आहेत. एकाच आकड्यावर अडकला तर सेन्सर काढून त्याच्या तोंडासमोर लहान चुंबकाची बाजू उलटसुलट करून पाहावी. आता आकडा बदलला तर सेन्सर जिवंत असून दोष कड्यात किंवा फटीत आहे.

तारेच्या आवरणात सुई टोचून मोजण्याची सवय काही वायरमनना असते. आपल्या हवेत ते छिद्र म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रणच होय.

बदलताना

गंजलेला सेन्सर पक्कडीने पिरगाळून काढू नये. प्लास्टिक तुटून तुकडा आत अडकतो. गंज सोडविणारे तेल टाकून काही वेळ थांबावे व हळूहळू दोन्ही दिशांना फिरवीत काढावा. नव्याची तार जुन्याच्याच मार्गाने, प्रत्येक क्लिपमध्ये बसवावी. पिळलेल्या दोन तारा असल्यास पीळ सोडू नये. बाहेरचे विद्युत्-अडथळे परस्परांत नाहीसे व्हावेत म्हणूनच तो दिलेला असतो.

बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागल्यास ते उलटे बसविले गेले आहे का, हे सर्वांत आधी तपासावे. चुंबकीय कडे एकाच बाजूला असते आणि ती बाजू सेन्सरकडे हवी. उलटे बसलेले बेअरिंग चाकाला व्यवस्थित फिरू देते, आवाज करीत नाही, आणि सेन्सरला मात्र काहीच दिसत नाही. दाबून बसविलेले बेअरिंग काढताना बहुधा निकामी होते. म्हणून बसविण्यापूर्वीच एखादी हलकी टाचणी दोन्ही बाजूंना लावून चुंबक कोठे आहे ते पाहून घ्यावे.

जुनी गाडी विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. किल्ली फिरविल्यावर हा पिवळा दिवा काही क्षण लागून मालवला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दिवाच निकामी आहे किंवा दोष झाकण्यासाठी मुद्दाम काढला आहे. इंजिनच्या किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याशी तो जोडून देण्याचेही प्रकार होतात. तेव्हा दोन्ही दिवे अगदी एकाच क्षणी मालवत असतील तर स्कॅनर लावल्याखेरीज व्यवहार करू नये.

दुरुस्तीनंतर कोड मिटवावेत. काही गाड्यांत दिवा लगेच मालवत नाही; नियंत्रकाला चारही चाकांचे ठोके प्रत्यक्ष मिळाल्यावर, म्हणजे गाडी थोडी चालविल्यावर तो मालवतो. त्यानंतर चारही चाकांचे वेग पुन्हा ताडून पाहावेत आणि पूर्ण मोकळ्या मैदानात, मागेपुढे कोणी नसताना, ताशी ३० किलोमीटर वेगाने जाऊन ब्रेक जोरात दाबावा. पायाखाली थरथर जाणवली, गाडी सरळ थांबली आणि पुढे अगदी सावकाश थांबताना थरथर आली नाही, तर काम पुरे झाले असे समजून गाडी मालकाच्या स्वाधीन करावी.